उणे बत्तीसची संक्रांत

जानेवारीचा दुसरा आठवडा आला की माझ्या डाव्या कानाची पाळी ठणकायला लागते. चार वर्षांपूर्वी तिला हिमदंश झाला होता. थोडासाच, तांदळाच्या दाण्याएवढा. मी स्वतः डॉक्टर आहे, त्यामुळे एवढ्याशा जखमेला चार वर्षं ठणकत राहायचं काही कारण नाही हे मला कळतं. तरी ठणकते, आणि ठणकली की मला बरं वाटतं, कारण मग विसरायला होत नाही. सुहास, माझा नवरा, म्हणतो, "मंजू, तू तो कान मुद्दाम कुरवाळत बसतेस." बरोबर आहे त्याचं. कुणी जुनी पत्रं जपून ठेवतं, मी हा कान जपला आहे.

आमचं गाव मिनेसोटा राज्याच्या पार वरच्या टोकाला आहे. इथून तासभर गाडी हाकली की कॅनडा लागतो. नोव्हेंबरात तळी गोठतात आणि एप्रिल सरत आला तरी त्यांच्यावरचा बर्फ पूर्ण हलत नाही. लोक त्या तळ्यांवर ट्रक नेतात, लाकडी खोपटी उभारतात, आत शेगडी पेटवतात आणि बर्फाला भोक पाडून मासे धरत बसतात. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, यांना घरात बायका बसू देत नसतील. जानेवारीत बाहेर पाऊल टाकलं की नाकातले केस कडक होतात आणि पायाखालचा बर्फ नव्या चपलेसारखा करकरतो. आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही, ती म्हणजे एवढ्या थंडीला वास नसतो. माती नाही, पाणी नाही, धूर नाही, काहीच नाही. मी अकोल्याची. सेहेचाळीस अंशांत वाढलेली, ओल्या वाळ्याच्या ताट्यांच्या वासात दुपारी काढलेली. पण खरं सांगू, अकोल्याचा मे आणि इथला जानेवारी यांचं आपसात पटलं असतं. दोघंही माणसाला दारं-खिडक्या लावून घरात कोंडतात आणि बाहेर कोण राहिलंय याची चौकशी करत नाहीत.

मी हौसेने आले नव्हते. परदेशी डॉक्टरांनी इथलं प्रशिक्षण संपलं की दोन वर्षं मायदेशी परत जायचं, असा नियम असतो. ते टाळायचं असेल तर जिथे कुणी डॉक्टर जायला तयार नाही अशा गावात तीन वर्षं काढायची. ती तीन वर्षं मोडली तर बोऱ्याबिस्तर आवरायचा. माझं प्रशिक्षण टेक्सासात झालं, सुहासची नोकरी तिथल्याच शुगर लँडला. तिथे जूनमध्ये गाडीचं दार उघडलं की चष्म्यावर वाफ धरायची. तिथून मी दोन हजार तीनच्या जुलैत उठून इथे आले, एकटी. सुहास महिन्या-दीड महिन्यातून विमानाने यायचा. या तीन वर्षांवर आमचं सगळंच टांगलेलं होतं. ती नीट पार पडली असती तर आम्ही दोघं एका घरात राहिलो असतो. मोडली असती तर मी अकोल्याला आणि तो शुगर लँडला.

निघण्याआधी सुहासच्या एका मित्राने सांगितलं, "अरे यार, तिथे एक मराठी सर्जन आहेत. तीस वर्षं झाली त्यांना. डोन्ट वरी, वहिनींना घरच्यासारखं होईल." मी त्यांना शुगर लँडहूनच फोन केला. "काका, नमस्कार. मी मंजिरी. तुमच्या हॉस्पिटलला जॉइन होतेय." ते पलीकडून इंग्रजीत म्हणाले, "यस, डॉक्टर. आय विल सी यू ॲट द हॉस्पिटल." मला वाटलं, घाईत असतील.

डॉ. वसंत लेले, मूळचे पुण्याचे. गावात त्यांना डॉक विन्स म्हणायचे. निम्म्या गावाच्या पोटावर त्यांच्या हातचे टाके होते. न्हाव्याच्या दुकानात त्यांचा फोटो होता, हातभर लांबीचा मासा उचलून धरलेला. बेकरीवाला त्यांच्यासाठी दालचिनीचा बन बाजूला काढून ठेवायचा. हॉस्पिटलातल्या पहिल्याच दिवशी मी त्यांना बोळात गाठून "काका" म्हटलं, तर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि इंग्रजीत समजावलं की इथे कुणी कुणाचा काका नसतो. मी म्हटलं, असेल बाई, शिस्तीचे दिसतात. सहा महिने मी त्यांच्यासाठी अशी एकेक सबब शोधत होते.

मग ती संक्रांत आली. सुहासने नाताळात ह्यूस्टनहून चिकीचा गूळ आणला होता. मी रविवारी सकाळी तीळ भाजले, पाक केला, हात भाजून घेत लाडू वळले आणि स्टीलच्या डब्यात भरले. काळी चंद्रकळा नेसले. तिच्यावर जाडजूड कोट, निऱ्या बर्फाच्या बुटांत खोचलेल्या, डोक्याला मफलर. आरशात पाहून हसू आलं. फोन वगैरे केला नाही. संक्रांतीला तिळगूळ द्यायला जाताना आपल्याकडे कोण फोन करतं? ऊन तर असं लख्ख पडलं होतं की अकोल्यात कुरडया वाळत घातल्या असत्या. रेडिओवर सांगत होते, उणे बत्तीस. तेही फॅरनहाइट. उणे चाळीसला म्हणे फॅरनहाइट आणि सेल्सिअस एकच होतात, म्हणजे मी त्या संगमाच्या अगदी जवळ होते. पण माझ्या अकोल्याच्या डोक्यात ऊन म्हणजे ऊब, हा हिशोब पक्का बसलेला.

काकांच्या घरासमोर तीन गाड्या उभ्या होत्या. तिन्हींची इंजिनं चालू, मागून पांढऱ्या वाफा, आत माणूस नाही. केवढी ही नासाडी, असं मनात आलं. पाहुणे आहेत म्हटल्यावर मी ठरवलं, ते जाईपर्यंत थांबू या. भरल्या घरात मध्येच कशाला जायचं? आणि गाडी उभी तर इंजिन बंद, हे बाबांनी स्कूटरच्या काळात शिकवलेलं. मी इंजिन बंद केलं आणि डबा मांडीवर घेऊन त्या उन्हात अर्धा-पाऊण तास शहाण्या मुलीसारखी बसले. पाहुणे काही निघेनात. पायांची बोटं कळेनाशी झाली तेव्हा मी उठले आणि बेल वाजवली.

काकांनीच दार उघडलं. अंगात लाल स्वेटर. आतून भाजलेल्या मांसाचा आणि कॉफीचा वास आला, टीव्हीवर फुटबॉलचा गलका. मी डबा पुढे केला आणि नमस्काराला वाकले. वाकताना मफलर सरकला, तोच हा कान. मी वाकले आणि काका मागे सरकले. आतून कुणीतरी विचारलं, "हू इज इट, विन्स?" आवाज मी ओळखला, आमच्या हॉस्पिटलचे व्यवस्थापक होते. काका मान वळवून म्हणाले, "नो वन. जस्ट अ डिलिव्हरी." मग माझ्या हातातून डबा घेऊन मला म्हणाले, "थँक्यू फॉर ड्रॉपिंग इट ऑफ." दार लागता लागता मला त्यांच्या पाठीमागे त्यांच्या पत्नी, नलूकाकू, दिसल्या. स्वयंपाकघराच्या तोंडाशी, हातात टॉवेल. त्यांनी माझ्या काळ्या पदराकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि दार बंद झालं.

गाडी अर्थातच सुरू झाली नाही. टेक्सासची बॅटरी, तिने एकदा टक् केलं आणि जीव सोडला. पुन्हा ती बेल वाजवायला तीस पावलं चालायचं होतं. मी ती चालले नाही. मेले असते, पण चालले नसते. खिशात एक लाडू राहिला होता, तो तोंडात धरला तर दगडासारखा झालेला. चावेना. रडू यायला हवं होतं, पण मला आठवतंय, मी मनापासून प्रार्थना करत होते की डब्यातला पहिलाच लाडू काकांनी असा थंडगार असताना खावा आणि त्यांचा पुढचा दात पडावा.

समोरच्या घरातून एक बाई ट्रक काढून आली. बार्ब. हॉस्पिटलात मुख्य नर्स होती, तोवर नुसती तोंडओळख. तिने खिडकीतून सगळं पाहिलं होतं. दोन तारा काढून तिच्या ट्रकच्या बॅटरीला माझी गाडी जोडली, ती धडधडायला लागल्यावर मला ओढून घरात नेलं, कानाला कोमट पाण्याची घडी लावली आणि पाणचट कॉफी दिली. "हनी, इथे गाडी बंद करायची नसते," ती म्हणाली. बॉनेटमधून शेपटीसारखा एक प्लग लोंबतो, तो इथल्या लोकांच्या गाड्यांना असतो. तो घरातल्या विजेला जोडला की रात्रभर इंजिन ऊबदार राहतं. माझ्या गाडीला तो नव्हताच. सहा महिन्यांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. काकांनी तर नव्हतंच. समोरच्या घराबद्दल बार्बने एक शब्द काढला नाही, फक्त साडीकडे पाहून "प्रिटी" म्हणाली.

इथवरचं मी कदाचित विसरलेही असते. कानाचं काय, आपलेच लोक दाराबाहेर ठेवतात, हे काही जगात पहिल्यांदा घडलं नव्हतं. पण तीन आठवड्यांनी हॉस्पिटलच्या समितीत माझा विषय निघाला. एका बहिऱ्या म्हाताऱ्याने तक्रार केली होती की नव्या डॉक्टरीणबाईंचं बोलणं कळत नाही. त्याला त्याच्या बायकोचंही कळत नसे. व्यवस्थापक ती तक्रार बाजूला ठेवत होते, तर काकांनी ती उचलली. त्यांना फार वाईट वाटतंय, असं ते म्हणाले. मुलगी हुशार आहे, पण तिला इथे रुळायला जमणार नाही. तिच्या लोकांची वस्ती आहे अशा ठिकाणी तिला जाऊ देणं जास्त दयाळूपणाचं होईल. बार्ब त्या समितीत होती. दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये तिने मला हे जसंच्या तसं सांगितलं आणि म्हणाली, "मी हे सांगायला नको होतं." तिच्या लोकांची वस्ती, असं ते म्हणाले. पुण्याच्या लेल्यांच्या तोंडून मला हे ऐकायला मिळालं. मी त्या दिवशी बर्फात उभी राहून एक गोष्ट ठरवली, की मी इथून जाणार नाही.

मला काढलं नाही. सहा महिने नजरेखाली ठेवलं आणि उच्चार सुधारायच्या वर्गाला धाडलं. दर गुरुवारी अडीच तास गाडी हाकत जायचं. तिथली बाई माझ्या ओठांसमोर कागदाची पट्टी धरायची आणि 'पेशंट' म्हणायला लावायची. कागद फडफडला तर उच्चार बरोबर. पेशंट, पेन, पार्डन. डॉक्टरकीची पदवी घेतलेली बत्तीस वर्षांची बाई कागदावर फुंकर मारत बसली आहे, हे आईला कळलं असतं तर तिने विमान पकडून येऊन सगळ्यांची खरडपट्टी काढली असती. परतीच्या वाटेवर मी गाडीत एकटी असायचे. दोन्ही बाजूंना देवदारांसारखी काळी झाडं, मधूनच एखादं हरीण. तेव्हा मी काकांना उद्देशून अस्सल अकोल्याच्या शिव्या द्यायचे. त्यांचे उच्चार मात्र कुठल्याही कागदाविना खणखणीत यायचे.

सहा महिन्यांनी मला कायम केलं. माझे उच्चार सुधारले म्हणून नव्हे. दुसरा कुठलाच डॉक्टर या गावात यायला तयार नव्हता म्हणून.

त्याच गुरुवारच्या प्रवासांत माझ्या सुडाची आखणी झाली. सुरुवातीचे बेत पोरकट होते. त्यांच्या गाडीचा प्लग उपटून ठेवावा, भर कॅफेटेरियात "अहो लेलेकाका" अशी हाक मारावी. पण नीट विचार केल्यावर लक्षात आलं की या माणसाची खरी दौलत घर नव्हे, मासे नव्हेत, न्हाव्याच्या दुकानातला फोटोही नव्हे. या गावात ते एकटे होते. त्यांच्यासारखा दुसरा कुणी नव्हता, म्हणून गावाला ते आपलेसे करता आले. एक होता तोवर तो गावाचा लाडका होता, दुसरी मी आले आणि त्यांना धडकी भरली. ठीक आहे, म्हटलं. मग मी तुमचं हे एकटेपण वाटून टाकते. त्याचे इतके तुकडे करते की तुमच्या वाट्याला काही उरता कामा नये.

लोक मला फार मायाळू समजतात. दोन वर्षांपूर्वी इथल्या वर्तमानपत्रात माझ्यावर लेख आला, त्यात माझं काळीज मोठं असल्याचं छापलंय. काळजाचा काही संबंध नाही. मी पुण्याच्या एका फिजिओथेरपिस्टला इथे यायला लावलं ते सुडापोटी. अ‍ॅशबर्न या दूरच्या शहरातल्या एका नागपुरी मुलाला हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात चिकटवलं तेही सुडापोटीच. त्याला फोनवर म्हणाले होते, "अरे, थंडी काही नसते, मनाची तयारी लागते," एवढं मोठं खोटं मी आयुष्यात बोलले नाही. फिलिपिन्सहून नर्सेस आल्या. गावाबाहेरच्या कारखान्यात सोमालियाची आणि लाओसची कुटुंबं कामाला लागली. मी प्रत्येकाच्या घरी आपणहून गेले. शाळेचे फॉर्म भरले, गरम कपड्यांच्या दुकानात नेलं, मुलांना लसी टोचल्या. घरी परतताना काकांच्या रस्त्यावरून मुद्दाम गाडी काढायचे, मागच्या सीटवर चार नवीन माणसं बसवून.

आणि दर संक्रांतीला हळदीकुंकू. बार्बच्या चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये, रविवारी दुपारी. पाद्रीबाबांनी पहिल्या वर्षी भीत भीत विचारलं, कपाळावरचं ते धार्मिक असतं का? मी म्हटलं, आलेल्याची दखल घेतली एवढाच त्याचा अर्थ, नको असेल त्याने नाही म्हणावं. बायकांबरोबर पुरुषही येऊ लागले. आणि वाण म्हणून मी नारिंगी रंगाच्या लांबलचक वायरी लुटते, गाडीचा प्लग घरातल्या विजेला जोडायच्या. सवाष्ण, विधवा, मुसलमान, ख्रिस्ती, कुणीही असो, ज्याच्याकडे गाडी आहे त्याला वाण. गेल्या वर्षी एका सोमाली आजोबांनी ती वायर दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावली. नागपुरी मुलाची चार वर्षांची लेक तिळाचा लाडू हातात धरून म्हणते, "मावशी, आय ॲम फुल." मला हे सगळं आवडायला लागलं आहे हे मी नाकारत नाही. पण मुळाशी काय आहे ते मला माहीत आहे.

दोन हजार सहाच्या जुलैत माझी तीन वर्षं पुरी झाली. सुहासने शुगर लँडला स्वयंपाकघर नवं करून घेतलं होतं. मी म्हणाले, मी येत नाही. तो फोनवर म्हणाला, "तू एका म्हाताऱ्यावर डूख धरून त्या फ्रीजरमध्ये राहणार?" मी हो म्हणाले. शेवटी तोच आला, इथल्या वीज कंपनीत नोकरी धरून. पहिल्या हिवाळ्यात तो माझ्याशी धड बोलत नव्हता. त्याचा राग खरा होता.

त्याच उन्हाळ्यात काका निवृत्त झाले. ऑक्टोबरात नलूकाकू रक्तदाब दाखवायला माझ्याकडे आल्या. पिशवीतून माझा स्टीलचा डबा काढला, घासूनपुसून लख्ख, आत साखर. रिकामा कसा परत करायचा, म्हणाल्या. पावणेतीन वर्षं तो डबा त्यांनी कपड्यांच्या कपाटात ठेवला होता.

"ते वाईट नाहीत गं, मंजिरी," त्या म्हणाल्या. "त्र्याहत्तर साली आलो तेव्हा आम्हाला कुणी घर देईना. चार महिने मोटेलात काढले. एकाने तर तोंडावर सांगितलं, माझ्या बायकोला तुझा हात लागता कामा नये. मग यांनी नाव बदललं, मासे धरायला शिकले. घरात मराठी बंद. मुलाशीसुद्धा. तो आता कॅलिफोर्नियाला असतो, ख्रिसमसला कार्ड पाठवतो." मग म्हणाल्या, "तू साडी नेसून दारात उभी, आणि आत ती सगळी माणसं. घाबरले गं ते तुला बघून."

मला समजलं. सगळं समजलं. रात्री सुहासलाही सगळं सांगितलं. पण समजणं वेगळं आणि सोडून देणं वेगळं. घाबरलेला माणूस दार लावून घेईल, हे मी कबूल करते. तीन आठवड्यांनी समितीत बसून, चष्मा पुसत, दयाळूपणाचं वाक्य जुळवणारा माणूस घाबरलेला नसतो. त्याने विचार केलेला असतो. ती साखर मी चहात घालून संपवली.

यंदाचं हळदीकुंकू गेल्या रविवारी झालं. आदल्या आठवड्यात काकूंचा फोन आला होता, "आम्ही दोघं आलो तर चालेल का गं?" मी म्हटलं, "या की." देवाशपथ सांगते, मी काहीही ठरवलेलं नव्हतं. बार्ब तापाने झोपली होती. गावातली जुनी मंडळी घरी फुटबॉल बघत होती. हॉलमध्ये होते ते सगळे गेल्या चार-पाच वर्षांत आलेले, आणि हॉस्पिटलातल्या मंडळींची पाळी अजून संपायची होती.

दाराशी टेबलावर शेरिल बसली होती. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या बदलीमुळे आयोवाहून आली, बँकेत काम करते, मनाने फार चांगली. येणाऱ्याचं नाव स्टिकरवर लिहायचं काम तिने अंगावर घेतलंय. जुन्या लोकांना पांढरं, नव्यांना पिवळं, म्हणजे कुणाची विचारपूस करायची ते कळतं. ती पद्धत मीच पाडलेली. शेरिल आली तेव्हा तिला पिवळं स्टिकर लावायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, माझ्याही नाही.

काकू कोट ठेवून थेट स्वयंपाकघरात मदतीला गेल्या. काका टेबलापाशी एकटे उरले. बारीक झाले होते. लोकरी टोपी भुवयांपर्यंत, कानात यंत्र. मी दहा पावलांवर, हातात लाडवांचं ताट.

"वेलकम!" शेरिल मोठ्याने, एकेक अक्षर सुटं करत म्हणाली. "आमच्या गावात तुम्ही कधी आलात?"

"थर्टी-फाइव्ह इयर्स अगो," काका हसून म्हणाले.

शेरिलही हसली. तिला वाटलं, प्रश्न कळला नाही. बोटाने जमीन दाखवत तिने पुन्हा विचारलं, "नो, नो. हिअर. धिस टाउन."

"थर्टी-फाइव्ह. आय वॉज द सर्जन."

"ओह, हाउ वंडरफुल!" शेरिलचा चेहरा उजळला. "इन इंडिया?"

शेरिलने पिवळं स्टिकर घेतलं. नाव विचारलं. ते म्हणाले, विन्स. तिने प्रेमाने मान हलवली. इथे आम्ही खरी नावं लिहितो, ती म्हणाली, डॉ. मंजूंचा तसा आग्रहच आहे, तुमचं खरं नाव सांगा, मी म्हणायला शिकेन. काकांनी हॉलभर नजर फिरवली. तेवढ्या गर्दीत त्यांना ओळखणारं माणूस मी एकटीच होते. मग हळूच म्हणाले, "वसंत." तिने एकेक अक्षर विचारून लिहिलं, त्यांच्या स्वेटरवर तळहाताने नीट चिकटवलं आणि त्यांचा दंड धरून त्यांना माझ्यापाशी आणलं.

"डॉ. मंजू, वन मोअर फॉर यू," ती म्हणाली.

मला एकच वाक्य बोलायचं होतं. शेरिल, हे डॉक विन्स, यांनी अर्ध्या गावाला वाचवलंय. बिचारी शरमेने लाल झाली असती, माफी मागत सुटली असती, सगळे हसले असते आणि काका पुन्हा डॉक विन्स झाले असते. काका माझ्याकडे पाहत होते. अगदी बारीक आवाजात म्हणाले, "मंजिरी, सांग ना गं तिला."

साडेचार वर्षांत माझ्याशी मराठीत बोललेलं ते त्यांचं पहिलं वाक्य.

मी शेरिलकडे वळून म्हणाले, "थँक्यू, शेरिल. आय विल टेक केअर ऑफ हिम." ती खूश होऊन टेबलाकडे परत गेली. मग मी काकांच्या हातावर लाडू ठेवला.

"बसा, काका," मी म्हणाले. "नवीन लोक पुढच्या रांगेत बसतात."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि पुढच्या रांगेत त्या सोमाली आजोबांशेजारची रिकामी खुर्ची ओढून तिच्यावर बसले.